पाय परक्याचे, हात घरचे

१

बोटीचा पंखा जागेवर नव्हता.

इनेझने पुन्हा वाकून पाहिलं. अमावास्येची ओहोटी खाडीच्या मध्यापर्यंत गेली होती आणि पाचूबंदरच्या चिखलात ‘संत पेत्र’ टेकूंवर उभी होती. ताजा रंग दिलेलं तिचं पोट उघडं पडलं होतं. सुकाणूखाली जिथे पितळेची तीन पाती असायची, तिथून नुसता दांडा बाहेर आला होता. त्या दांड्याच्या टोकाला कुणीतरी ग्रीस फासलं होतं आणि वर चिंधी गुंडाळून सुतळीने नीट बांधलं होतं.

उद्या रविवारी, चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर, दुपारच्या भरतीला हीच बोट घरच्या एकोणीस माणसांना घेऊन अर्नाळ्याला निघणार होती. इनेझच्या हातातली पताकांची माळ त्यासाठीच होती. पंख्याशिवाय इंजिन नुसतं धडधडलं असतं, बोट जागची हलली नसती.

सहल ठरली ती एका पैजेसारखी. इनेझची आई आग्नेस बागायतदाराची मुलगी. केळी, पानवेली, दारात विहीर. तिने पाचूबंदरच्या ऑगस्टीन तांडेलाशी, म्हणजे बोटीच्या मुख्याशी, लग्न केलं तेव्हा तिच्या माहेरच्यांनी पाठ फिरवली होती. अबोला वर्षांमागून वर्षं विरत गेला, पण त्यांच्यापैकी कुणी ऑगस्टीनच्या बोटीत पाऊल ठेवलं नव्हतं. यंदा लग्नाला पस्तीस वर्षं झाली म्हणून आईचा धाकटा भाऊ, एडवर्डमामा, आपण होऊन पुढे आला. नाताळात सगळे जमले असताना तो म्हणाला, “आपण सगळे मिळून आगबोटीने गोव्याला जाऊ. डेकवर सतरंज्या टाकायच्या, गाणी म्हणायची. पहाटे उठलं की समोर पणजी!”

पोरांनी टाळ्या वाजवल्या. कोपऱ्यात जाळं दुरुस्त करत बसलेला ऑगस्टीन मान वर न करता बोलला, “माझ्या बायकोला समुद्र दाखवाया दुसऱ्याची आगबोट कशाला? माझी बोट काय मेली? अर्नाळ्याच्या किल्ल्याला वळसा घालू, रात्री तिथं माझ्या भावाकडं जेवू, दुसऱ्या दिवशी परत. सुकाणूवर मी.”

पुन्हा टाळ्या पडल्या. इनेझला तेव्हा बापाचा असा अभिमान वाटला होता, की आईने टाळी वाजवली नाही हे तिने पाहिलं आणि विसरूनही गेली.

२

सूर्य वर येईतो किनाऱ्यावर माणसं जमली. इनेझचा थोरला भाऊ रॉबर्ट छोट्या होडीतून आला, मागोमाग मार्सेलकाका. मार्सेल हा शेजारचा तांडेल, ऑगस्टीनचा जुना स्पर्धक. ‘संत पेत्र’ सहलीसाठी धुऊन ठेवली होती, म्हणून रॉबर्ट आणि तिचे सगळे खलाशी काल रात्री मार्सेलच्या बोटीवर मासेमारीला गेले होते. परत आले तेव्हा पाणी उतरलेलं. त्यामुळे ती बोट खाडीच्या मधोमध नांगर टाकून थांबली होती आणि सगळे एकमेकांच्या डोळ्यांसमोर होते.

रॉबर्टने दांडा पाहिला, मग खाली चिखलात पाहिलं आणि ओरडला, “इनेझ, हलू नको! पाय बघ!”

बोटीच्या मागच्या बाजूपासून किनाऱ्यावरच्या खुंटापर्यंत एक जाड दोर बांधलेला होता. त्या दोराच्या बरोब्बर खालून पावलं आली होती आणि तशीच परत गेली होती. प्रत्येक पाऊल गुडघ्याएवढं रुतलेलं. हातभर पलीकडे शिंपल्यांची टणक वाट होती. बोटीकडे जायला सगळं गाव तीच वाट वापरायचं.

“गावचा कोन असा चालंल?” रॉबर्ट म्हणाला. “लहान पोर पन शिंपल्यांवरून येतं. ही वाट ज्याला ठाऊक नाय, त्याचं काम हाय. परका.”

“परका तर एकच आलाय गावात,” मार्सेल दाढी खाजवत म्हणाला. “त्याला म्हनं गोव्याला जायचं हाय.”

सगळ्यांच्या माना घराकडे वळल्या. सहलीसाठी कालच येऊन राहिलेला एडवर्डमामा ओट्यावर बशीत चहा ओतून फुंकर मारत होता. मागे दोरीवर त्याची पँट वाळत होती. तिच्या पायांना चिखल लागलेला होता.

३

पुढच्या घटकाभरात घरात जे झालं, ते इनेझ कधी विसरली नाही. रॉबर्ट पँट हातात धरून ओरडत होता. एडवर्डमामाचा चेहरा पांढराफटक पडला होता. आई दोघांच्या मध्ये उभी राहिली.

“माझ्या भावाला चोर म्हणायचं असेल, तर आधी माझ्या हातचं जेवण सोड,” ती रॉबर्टला म्हणाली.

मामाने पिशवी काढली. “आग्नेस, संध्याकाळच्या एस.टी.ने मी जातो. बाकीच्यांनाही निरोप देतो, उद्या कुणी येऊ नका. पस्तीस वर्षांपूर्वी आमच्या बाबांनी नाही म्हटलं होतं, ते उगाच नाही.”

ते वाक्य खोलीत पडलं आणि तिथेच राहिलं. खिडकीशी जुन्या जाळ्यांच्या ढिगावर ऑगस्टीन बसला होता. त्याच्या हातातली सुई थांबली.

इनेझ शाळेत शिकवायची आणि हाती येईल ते वाचायची. चोर पकडण्याच्या गोष्टी तर जास्तच. पण आत्ता तिला चोर नको होता. मामा त्या एस.टी.त बसला, तर आईचं माहेर पुन्हा तुटणार होतं, आणि या वेळी कायमचं.

“मामा, मला संध्याकाळपर्यंत वेळ द्या,” ती म्हणाली आणि त्याला मागच्या दारी घेऊन गेली. “चिखल कुठला?”

मामाने नजर केळीकडे वळवली. “हसणार नाहीस?”

“नाही.”

“काल संध्याकाळी, ओहोटीला, मी बोटीत जाऊन बसलो. गुपचूप. मला बोट लागते गं. गोव्याची आगबोट मोठी, ती फार हलत नाही म्हणतात, म्हणून मी तिचं नाव घेतलं होतं. म्हटलं, उद्या सगळ्यांसमोर शोभा नको, आधी जरा सवय करून घेऊ.”

“मग?”

“बोट चिखलात उभी होती. तसूभर हलत नव्हती. तरी मला मळमळलं.”

इनेझने ओठ दाबून धरले. मग पँट उलगडून पाहिली. चिखल होता तो फक्त खालच्या दुमडीला. दोराखालची पावलं तर गुडघ्याएवढी खोल होती.

“कुठल्या वाटेने गेलात?”

“शिंपल्यांच्या. तुझ्या आईनेच दाखवली होती.”

“मामा, पंखा कसा काढतात, माहीत आहे?”

“छताचा?” मामाने विचारलं.

४

किनाऱ्याच्या वरच्या अंगाला बोंबील वाळत घातले होते. कुत्र्यांनी ओढून नेऊ नयेत म्हणून तेरेसामावशी रात्री तिथेच गोधडी टाकून झोपायची.

“आवाज ऐकला ना मी,” ती म्हणाली. “पहाटे. पानी उतरलेलं. कापडावर ठोकल्यासारखा, ठप, ठप. म्हटलं कोनीतरी बोटीचं काम काढलंय. उठून बघितलं तर काय दिसंना.”

“कंदील? बॅटरी?”

“काय नाय. आवसेचा काळोख, सोताचा हात सोताला दिसत नव्हता. मना वाटलं भूत हाय. मी आपली ‘नमो मारिया’ म्हनत पडले.”

“ठोकणारा घाबरत, चाचपडत होता असं वाटलं?”

“छट्! एका लयीत ठोकत होता. सुतार ठोकतो तसा.”

मार्सेलकाका आपल्या ओट्यावर भाकरी आणि सुकं खात होता. इनेझला पाहून त्याने तोंड वाकडं केलं. “माझी झडती घ्याया आली काय, मास्तरीणबाई?”

“तुम्ही खाडीत होता, काका. तुमच्यावर संशय नाही.”

“अरेरे. गावात पत गेली माझी.” तो हसला, मग एकदम गंभीर झाला. “पन तुझ्या बापाला एक सांग. एवढी गुर्मी बरी नाय. दिवाळीपास्नं मी बोटीवरनं हात करतो, हा समोर उभा, आनि हात वर करत नाय. तोंडावर! हाक मारली तर मग ‘काय मार्सेल’ म्हनतो. पस्तीस वर्षं आम्ही भांडलो, पन हात कधी चुकला नव्हता.”

इनेझ तिथेच ओट्याच्या पायरीवर बसली.

“काय झालं?” मार्सेल म्हणाला. “पानी देऊ?”

५

दोन गोष्टी एकमेकींत बसत नव्हत्या, आणि सकाळपासून तिला तेच खुपत होतं. पाय बघावे तर परक्याचे. गावची वाट ठाऊक नसलेला माणूसच दोराखालच्या चिखलातून जाईल. पण हात बघावे तर घरचे. मिट्ट काळोखात पिन काढायची, नट सैल करायचा, पात्यांवर कापड ठेवून ठोकायचं, आणि पंखा निघाल्यावर दांडा गंजू नये म्हणून ग्रीस फासून बांधायचा. चोर असं करत नाही. ज्याचा त्या दांड्यावर जीव आहे, तो करतो.

पाय परके आणि हात घरचे असा माणूस कोण?

दोर धरून चालणारा. शिंपल्यांची वाट त्याला ठाऊक असेलही, पण ती त्याला दिसत नसेल. दोर मात्र हाताला लागतो. आणि ज्याला दिव्याचा उपयोग नाही, तो दिवा नेत नाही.

मग एकेक आठवत गेलं. दिवाळीपासून रात्रीची बोट रॉबर्ट नेत होता, ‘माझा गुडघा दुखतो’ म्हणून. जेवताना आई बाबांच्या ताटातल्या माशाचे काटे काढून द्यायची. इनेझला ते म्हातारपणीचं प्रेम वाटलं होतं. जन्मभर समुद्रात राहिलेल्या तांडेलाला काटे काढून द्यावे लागतात, हे तिच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

ती घरी आली. ऑगस्टीन एकटाच होता, त्याच ढिगावर. बोटं जाळ्यात भराभर फिरत होती, गाठीमागून गाठ पडत होती, आणि डोळे समोरच्या भिंतीवर होते.

“कोन? इनेझ?”

“हो, बाबा.” ती त्याच्यापुढे उकिडवी बसली. नंतर कितीतरी दिवस तिला या गोष्टीची लाज वाटत राहिली, पण त्या क्षणी दुसरं काही सुचलं नाही. तिने आपला रिकामा तळहात त्याच्यासमोर धरला. “हे बघा. बोटीखाली सापडलं.”

ऑगस्टीनची बोटं थांबली. चेहरा तिच्या हाताकडे वळला आणि थोडासा बाजूला जाऊन स्थिरावला.

“ठेव तिथं,” तो म्हणाला. “मंग बघतो.”

तिने मूठ मिटली. तेवढ्यात अंगणात रॉबर्टचा आवाज आला. तो खलाशांना घेऊन आला होता. मामाने पिशवी खांद्याला लावली होती, आणि एस.टी.ची वेळ झाली होती.

६

सगळे बाहेरच्या खोलीत उभे राहिले. मार्सेलही आला होता. गावात काही चाललं असलं की त्याला आमंत्रण लागत नसे.

“मामाने पंखा घेतला नाही,” इनेझ म्हणाली. मग तिने पँटच्या दुमडीबद्दल सांगितलं, गुडघ्याएवढ्या पावलांबद्दल सांगितलं. मामा बोटीत का बसला होता, ते मात्र सांगितलं नाही. “आणि ज्याने काढला तो शिकाऊ नव्हता. काळोखात, दिवा न लावता, एका लयीत ठोकून त्याने तो काढला आणि दांडा बांधून ठेवला. मामाला ते सात जन्मांत जमलं नसतं.”

“खरंय,” मामा कळवळून म्हणाला.

“मंग आपल्यातलाच?” रॉबर्ट म्हणाला. “पन आपले सगळे तर खाडीत होते. आनि आपला मानूस चिखलातनं कशाला जाईल?”

इनेझने आईकडे पाहिलं. आई तिच्याकडेच बघत होती. त्या नजरेत आश्चर्य नव्हतं, नुसती विनवणी होती.

पुढचं वाक्य इनेझच्या जिभेवर होतं. ते बोलली असती तर मामा सुटला असता, गाठ सुटली असती, आणि पाचूबंदरचा सगळ्यात नामांकित तांडेल त्याच्याच घरात, त्याच्याच मुलीच्या तोंडून, सगळ्यांसमोर आंधळा ठरला असता.

“पुढचं मला माहीत नाही,” ती म्हणाली. “कोण ते मला नाही सापडलं.”

“हे काय मंग? अर्ध्यावरच—” रॉबर्ट चिडला.

“पोरीला खोटं बोलाया मी शिकवलं नाय.”

आवाज खिडकीकडून आला. ऑगस्टीन उठून उभा राहिला होता. त्याने वाकून जाळ्यांचा ढीग बाजूला सारला. तळाशी, गोणपाटात, पितळेची तीन पाती चमकली. सकाळपासून रॉबर्टने माळा, चूल, विहिरीचा कठडा, सगळं धुंडाळलं होतं. पण तांडेल बसला असताना त्याला ‘जरा उठा’ म्हणायचं कुणाच्या मनात आलं नव्हतं. त्या घरात तसं कुणी म्हणत नसे.

“पंखा मी काढला. मला दिसत नाय.” तो सरळ उभा होता, दर्यात उभा राहायचा तसा. “उजेड दिसतो, सावली दिसते. मानूस आलेला कळतो, कोन ते कळत नाय. नाताळात एडवर्ड आगबोट बोलला आनि माझ्या तोंडून सुकाणू निघून गेलं. शब्द मागं घ्याया जीभ वळंना. मंग म्हटलं, बोटच नाय गेली तर कोनाचा जीव नाय जानार. एकोनीस जीव हायेत. त्यात माझी नातवंडं.”

मग तो मामा उभा होता त्या बाजूला वळला.

“पन माझ्या पाव्हन्याला चोर ठरवाया मी पंखा काढला नव्हता. एडवर्ड, सकाळीच बोलायला पायजे होतं. दिवस गेला माझा धीर गोळा करन्यात. तू मोठा हो, आनि माफी दे.”

मामाच्या खांद्यावरची पिशवी केव्हा खाली आली, ते त्यालाही कळलं नसावं. “भावोजी,” तो म्हणाला, “मी काल तुमच्या बोटीत बसलो होतो. चिखलातल्या. मला मळमळलं.”

आधी मार्सेल हसला. मग ऑगस्टीन, पोट धरून. आणि मग सगळं घर.

“म्हंजे दिवाळीपास्नं,” मार्सेल डोळे पुसत म्हणाला, “मी हात करत होतो तो तुला—”

“दिसत नव्हता. मला वाटलं, तूच आखडलास.”

“गाढव,” मार्सेल म्हणाला. त्याचे डोळे हसून झाल्यावरही ओलेच राहिले.

आई पुढे आली आणि तिने ऑगस्टीनचा हात धरला. “आता तरी सांगितलंत. काटे काढून काढून माझी बोटं सोलली.”

“तुला ठाऊक होतं?” रॉबर्टने विचारलं.

“माझा नवरा आहे तो,” आई म्हणाली. “पण सांगायचं त्यानेच. मी कोण सांगणारी?”

मामा घसा साफ करत म्हणाला, “मोतीबिंदू असेल तर हल्ली काढतात. मुंबईत दाखवू. मी येतो बरोबर.”

“दाखवू,” ऑगस्टीन म्हणाला. “आधी अर्नाळा.” त्याने पंखा दोन्ही हातांनी उचलला आणि रॉबर्टच्या आवाजाच्या दिशेने पुढे धरला. “रात्रीच्या भरतीआधी बसवून घे. पिन माझ्या खिशात हाय. सुकाणूवर उद्या तू.”

रॉबर्ट तेहतिशीचा बाप्या होता, पण पंखा त्याने लहान मुलासारखा छातीशी धरला. “बाबा, तुम्ही मागं उभे राहा. नुसते उभे राहा. मी—”

“नाय. दोन तांडेल असले की बोट खडकावर जाते.”

७

रविवारी दुपारी भरती पुरी चढल्यावर ‘संत पेत्र’ निघाली. पताका, पोरं, सोरपोतेलचं पातेलं, आणि सुकेळ्यांची टोपली. आईचं माहेर सगळंच्या सगळं आलं होतं. खाडीच्या तोंडाशी पहिली लाट लागताच एडवर्डमामा कठड्यावर ओणवा झाला आणि कळंबचा किनारा मागे पडेपर्यंत तसाच राहिला. तिथून तो अधूनमधून ओरडून सांगत होता, “मी मजेत आहे! थांबू नका!”

रॉबर्ट सुकाणूवर होता. त्याने एकदाही बापाला हाक मारून विचारलं नाही. बोट लाटांवर न आपटता चढत होती आणि अलगद उतरत होती. इनेझला समुद्रातलं फारसं कळत नसे, पण हे कुणी शिकवलंय ते तिला कळत होतं.

ऑगस्टीन मध्यावर, पोरांच्या घोळक्यात, आईच्या शेजारी बसला होता. पस्तीस वर्षांत तो पहिल्यांदाच आपल्या बोटीत बायकोशेजारी बसला होता. एरवी त्याची जागा मागे असायची, एकट्याची. आई त्याला हळू आवाजात सांगत होती, समोर काय आहे ते. एक गलबत, दोन बगळे, एडवर्डची पाठ. तो मान डोलावत होता. त्याचा चेहरा इनेझने इतका निवांत कधी पाहिला नव्हता. तो गेल्यानंतरही, तो आठवला की तिला आधी हाच चेहरा दिसायचा, मग बाकीचे.

अर्नाळ्याजवळ किल्ल्याचे बुरूज वर आले. किनाऱ्याकडून एक होडी वाटेत आडवी आली. उभ्याउभ्याच होडीवाल्याने तोंडाशी हात धरून आरोळी दिली, “कुठली बोट? तांडेल कोन?”

रॉबर्टने उत्तर द्यायला तोंड उघडलं. त्याच्या आधी ऑगस्टीन उठला. एक हात आईच्या खांद्यावर, मान ताठ. इंजिनाच्या वर चढेल असा त्याचा आवाज पाण्यावरून गेला.

“पाचूबंदरची! तांडेल रॉबर्ट!”

“आनि तू कोन?”

“मी?” तो म्हणाला, आणि छाती भरून हसला. “मी तांडेलाचा बाप!”